अक्कलदाढेची गाठ ‘कीड खाली उतरून’ होत नाही: फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

आधी तो मजकूर काय म्हणतो ते सांगतो. मुंबईतल्या सोसायटीच्या, शाळेतल्या पालकांच्या आणि गावाकडच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अक्कलदाढेच्या गाठीबद्दल जो लांबलचक मेसेज फिरतो, त्याचा गोषवारा असा. दाढेत अन्न अडकतं, कीड खाली उतरते आणि हाडात गाठ धरते. जो नीट दात घासतो त्याला ती होत नाही. दुखत नसेल तर हात लावू नये. एक्स-रे म्हणजे निव्वळ कट-प्रॅक्टिस, शिवाय किरणांचा धोका. लवंगेचं तेल, हळद-तुरटी आणि शेक यांनी गाठ विरते; फारच वाढली तर सुईने पाणी काढून घ्यावं. सुरी लावली की गाठीचा कॅन्सर होतो. हे सगळं टाळायचं तर विशीतच चारही अक्कलदाढा काढून टाकाव्यात. मुलांच्या दुधाच्या दातांची मात्र चिंता नको, ते पडणारच असतात.

एकाच मेसेजात ‘हात लावू नका’ आणि ‘चारही काढा’ हे दोन्ही सल्ले गुण्यागोविंदाने नांदतात, याचं कुणाला काही वाटत नाही. असो. यातल्या दोन-तीन वाक्यांत अर्धं खरं आहे आणि माणूस फसतो तो तिथेच. म्हणून एकेक दावा घेऊ.

‘अन्न अडकून, कीड उतरून गाठ होते’

जबड्यात सर्वांत जास्त आढळणारी सिस्ट, म्हणजे द्रवाने भरलेली गाठ, खरोखरच किडीतून होते. दाढ किडते, कीड नसेपर्यंत पोचते, नस मरते, मुळाच्या टोकाशी जंतूंचा त्रास चालू राहतो आणि तिथे गाठ धरते. तिला रॅडिक्युलर सिस्ट म्हणतात. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा हिचं वर्णन कुठेतरी ऐकलं आणि ते हाडात अडकलेल्या अक्कलदाढेला चिकटवून दिलं.

न उगवलेल्या दाताभोवती होणारी गाठ वेगळी. ती डेंटिजेरस सिस्ट. संख्येने जबड्यातल्या सिस्टमध्ये तिचा दुसरा नंबर लागतो, ढोबळमानाने दर पाचांतली एक. तिच्यातला दात अनेकदा पूर्णपणे हाडाच्या आत असतो. तिथे अन्नही पोचत नाही आणि ब्रशही. दिवसातून दोनदा दात घासणाऱ्या, एकही दात न किडलेल्या कॉलेजकुमाराच्या जबड्यातही ती निघते आणि घरचे चक्रावून विचारतात की, एवढी स्वच्छता ठेवूनही हे कसं?

याचं उत्तर दात कसा तयार होतो त्यात आहे. गर्भाच्या साधारण सहाव्या आठवड्यात तोंडाच्या अस्तराचा एक पट्टा जबड्यात खाली उतरतो आणि त्याला ठरावीक जागी अंकुर फुटतात. प्रत्येक अंकुरातल्या पेशी पुढे दाताच्या वरच्या भागावर, म्हणजे मुकुटावर, एनॅमलचं कठीण कवच चढवतात. एनॅमलचं काम संपलं की या पेशी नाहीशा होत नाहीत. त्या चपट्या होतात आणि मुकुटावर पातळ थर होऊन बसून राहतात. त्या थराच्या बाहेरून तंतुमय पिशवी असते, तिला फॉलिकल म्हणतात. दात उगवताना हा थर हिरडीच्या थराशी जोडला जातो, मधून दात बाहेर येतो आणि पिशवीचं काम संपतं. दात अडकला तर पिशवी जिथल्या तिथे राहते.

आता वर सरकू पाहणारा दात आणि त्याला न हलणारा अडथळा, या दोघांमध्ये ही पिशवी दाबली जाते. पातळ भिंतीच्या शिरा आधी दबतात. धमन्यांतून रक्त येत राहतं, परत जायची वाट मात्र अरुंद होते, आणि रक्तातला पातळ द्रव केशवाहिन्यांतून झिरपून एनॅमल आणि त्या थराच्या मधल्या फटीत साठतो. थरातल्या मेलेल्या पेशी आणि प्रथिनं त्यात मिसळली की द्रव दाट होतो आणि ऑस्मोसिसने आजूबाजूचं आणखी पाणी आत ओढतो. दाब वाढतो. गाठीच्या भिंतीतून प्रोस्टाग्लँडिन, इंटरल्युकिन-१ अशी रसायनं सुटतात, हाड कुरतडणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी कामाला लागतात आणि गाठीला जागा होत जाते. या सगळ्यात कीड कुठेही लागत नाही.

त्या थराची दाताला पकड असते ती मानेशी, जिथे एनॅमल संपतं आणि मुळावरचं सिमेंटम सुरू होतं त्या रेषेवर. म्हणून या गाठीत दाताचा मुकुट आत असतो आणि मुळं बाहेर. मेसेजातल्या पुढच्या बहुतेक दाव्यांचं उत्तर या एका गोष्टीत आहे, तेव्हा ती ध्यानात ठेवा. एक्स-रे हातात आला तर घरच्या घरीही एवढं बघता येतं: काळा गोल किडलेल्या दाताच्या मुळाच्या टोकाशी असेल तर किडीतली सिस्ट संभवते आणि तिथे रूट कॅनालचा विचार होतो. काळा गोल न उगवलेल्या दाताच्या मुकुटाभोवती, मानेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत असेल, तर डेंटिजेरसचा संशय. तिच्याशी रूट कॅनालचा काही संबंध नाही. निदान अर्थातच डॉक्टरांनी करायचं, पण कोणता प्रश्न विचारायचा ते कळतं.

वयाचं गणितही इथूनच सुटतं. एनॅमल पुरं झाल्याशिवाय ही गाठ सुरू होऊ शकत नाही. खालच्या अक्कलदाढेचा मुकुट साधारण १२ ते १६ वर्षांच्या दरम्यान पुरा होतो आणि उगवायची वेळ १७ ते २१. त्यामुळे ही सिस्ट बहुतेक वेळा दहा ते तीस या वयात सापडते. सर्वांत जास्त खालच्या अक्कलदाढेला, त्याखालोखाल वरच्या सुळ्याला, मग वरची अक्कलदाढ आणि खालची दुसरी उपदाढ. समोरच्या दोन दातांमध्ये हाडात दडलेला जादा दात असेल तर त्यालाही होते.

‘दुखत नाही ना? मग राहू दे’

सगळ्या मेसेजात घातक वाक्य हेच. ही गाठ दुखत नाही, हाच तिचा स्वभाव आहे. आत जंतू शिरले तरच दुखते, आणि तोवर ती बऱ्याचदा दोन-तीन सेंटिमीटरची झालेली असते.

न दुखता ती काय करते ते पाहा. अक्कलदाढेला मागे किंवा खाली ढकलते. कधी दाढ जबड्याच्या खालच्या कडेपर्यंत किंवा कानाच्या दिशेने वर जाणाऱ्या हाडात जाऊन बसते. वरचा सुळा किंवा वरची अक्कलदाढ असेल तर सायनसमध्ये, म्हणजे वरच्या जबड्यातल्या हवेच्या पोकळीत, घुसते आणि दात डोळ्याच्या खोबणीच्या तळाशी नेऊन ठेवते. शेजारच्या चांगल्या दाढेची मुळं झिजवते. बाहेरच्या बाजूला हाडाचं आवरण नवं हाड घालत राहतं, म्हणून सुरुवातीला गाल किंचित भरल्यासारखा वाटतो आणि लागतो टणक. पुढे हाड घालण्याचा वेग मागे पडतो, भिंत पातळ होते आणि बोटाने दाबलं की अंड्याच्या कवचासारखी कुरकुर लागते. त्याही पुढे हाडाची भिंत संपते आणि बोटाला द्रवाची लवचीक हालचाल जाणवते. इथवर आलेल्या खालच्या जबड्याला गर्दीच्या लोकलमध्ये बसलेला कोपराचा फटकाही मोडायला पुरतो.

गाठ लहान असताना खुणा बारीक असतात. दात वेळेवर न येणं, ही पहिली. एका बाजूचा कायमचा दात येऊन सहा महिने उलटले आणि दुसऱ्या बाजूचा आला नाही, तर एक्स-रे काढायचा. दुधाचा सुळा तेराव्या वर्षीही घट्ट उभा असेल तरी काढायचा. शेजारचे दात एकाएकी तिरपे होऊ लागले, कवळी बसेनाशी झाली, दाबल्यावर हिरडीच्या कडेने खारट पाणी आलं, तर तेव्हाही. खालच्या ओठाला मुंग्या किंवा बधिरपणा आला तर मात्र थांबू नका. साध्या सिस्टमध्ये ते सहसा होत नाही, त्यामुळे जंतुसंसर्ग किंवा त्याहून गंभीर काही आहे का ते लगेच पाहावं लागतं.

‘एक्स-रे म्हणजे कट-प्रॅक्टिस, वर किरणांचा धोका’

कट-प्रॅक्टिस या शहरात नाहीच असं कुणी म्हणणार नाही. पण जी गाठ हाडात आहे आणि दुखत नाही, ती दुसऱ्या कशानेही दिसत नाही. संपूर्ण जबडा एकाच चित्रात दाखवणाऱ्या एक्स-रेला ओपीजी म्हणतात; त्यात साधारण १० ते २५ मायक्रोसिव्हर्ट (किरणांच्या मात्रेचं एकक) इतका डोस मिळतो. जगातल्या कुठल्याही माणसाला जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्टच्या आसपास मिळतच असतो. म्हणजे एक ओपीजी दोन-चार दिवसांच्या नैसर्गिक किरणांइतका. सीबीसीटी या त्रिमितीय स्कॅनचा डोस याहून बराच जास्त असतो, म्हणून तो उठसूट काढायचा नसतो. गाठ मोठी असेल, खालच्या जबड्यातल्या नसेजवळ किंवा सायनसजवळ असेल, तर तो काढावा लागतो. ‘सीबीसीटी कशासाठी, ओपीजीत काय कळलं नाही?’ हा प्रश्न विचारायला लाजू नका. चांगला डॉक्टर दोन वाक्यांत उत्तर देतो.

ओपीजीचा रिपोर्ट वाचताना एक अडचण नेहमी येते. उगवण्यापूर्वी प्रत्येक दाताभोवती थोडी काळी फट असतेच, ती निरोगी पिशवीची. दाताच्या छोट्या फिल्मवर ती अडीच मिलिमीटरपर्यंत आणि ओपीजीवर तीन मिलिमीटरपर्यंत असली तर सहसा कुणी गडबडत नाही. त्याहून जास्त असली तर नजर ठेवायची. पाचच्या पुढे गेली तर सिस्ट धरूनच चालायचं. दोन आकडे वेगळे का, तर ओपीजी चित्र मुळातच वीस-तीस टक्के मोठं करून दाखवतो. त्यामुळे एका सेंटरच्या ओपीजीवरचं माप आणि दुसऱ्या सेंटरच्या छोट्या फिल्मवरचं माप समोरासमोर ठेवून ‘गाठ वाढली’ म्हणणं चूक. तुलना करायची तर त्याच प्रकारच्या, शक्यतो त्याच मशीनवरच्या चित्राशी. म्हणून जुनी फिल्म टाकू नका. मोबाइलवर काढलेला तिरपा फोटो या कामाला येत नाही.

‘लवंग, हळद, तुरटी, शेक, नाहीतर सुईने पाणी काढा’

लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलमुळे किडलेल्या दाढेचा ठणका तात्पुरता कमी होतो, हे खरं. हाडाच्या आत, एनॅमल आणि थराच्या मध्ये साठलेल्या द्रवापर्यंत हिरडीवर चोळलेलं काहीही पोचत नाही. निखळ तेल वारंवार लावलं तर हिरडी मात्र भाजते. गालावर बाहेरून गरम शेक देणं तर टाळाच. गाठीत पू झालेला असेल तर शेकाने तो त्वचेच्या बाजूला वाट काढण्याची भीती असते, आणि मग चेहऱ्यावर व्रण राहतो.

अँटिबायोटिकचं थोडं निराळं आहे. पिकलेल्या गाठीत त्याने सूज आणि ताप उतरतो, आणि तेवढ्यासाठी ते द्यावंही लागतं. घोटाळा पुढे होतो. पाच दिवसांच्या गोळ्यांनी बरं वाटलं, म्हणजे गाठ गेली, असं समजून माणूस येईनासा होतो आणि काही महिन्यांनी तीच सूज घेऊन परत येतो. गाठीचं अस्तर जिवंत पेशींचं असतं, जंतूंचं नव्हे. गोळी जंतू मारते, अस्तर तसंच राहतं.

सुईचंही तेच. द्रव काढला की फुगवटा बसतो आणि अस्तर पुन्हा द्रव भरतं. तरीही शस्त्रक्रियेआधी सर्जन जाड सुई घालून थोडा द्रव ओढून पाहतात. तो उपचार नसतो, तपासणी असते. वाळल्या गवतासारखा पिवळा पातळ द्रव आला, कधी त्यात कोलेस्टेरॉलचे चमचमते कण दिसले, तर सिस्ट. पांढरट, चिकट, दह्याच्या साक्यासारखं काही आलं तर केराटोसिस्ट या वेगळ्या, जास्त त्रासदायक सिस्टचा संशय. पू आला तर संसर्ग. नुसती हवा आली तर सुई सायनसमध्ये आहे. आणि लालभडक रक्त जोराने आलं, तर तिथेच थांबायचं. ती रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते आणि तिला दवाखान्याच्या खुर्चीत हात घालणं जिवावर बेतू शकतं. शेजारच्या कुणी ‘नर्सिंग शिकलेल्या’ व्यक्तीकडून सुई मारून घेणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य दोनदा वाचावं.

तोंड उघडेनासं झालं, जबड्याखाली टणक सूज आली, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर घरगुती उपायांचा वाद सोडा आणि त्याच तासाला मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

‘सुरी लावली की कॅन्सर होतो’

मुंबईत तोंडाच्या कॅन्सरची धास्ती उगीच नाही. तंबाखू, मशेरी, बंदी असूनही मिळणारा गुटखा, हे सगळं आसपास आहे. पण तो कॅन्सर बहुतेकदा गालाच्या आतल्या, जिभेच्या किंवा हिरडीच्या त्वचेवर सुरू होतो. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंडात तीन बोटं उभी न जाणं, या त्याच्या खुणा. हाडात दडलेल्या दाताभोवतीचा काळा गोल ही दुसरी कहाणी आहे. ओपीजीवर तो गोल दिसला की काही घरं थेट परळला टाटाकडे धाव घेतात. आधी दाखवायची जागा म्हणजे तोंड आणि जबड्याचा सर्जन. मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे जबड्याची शस्त्रक्रिया करणारा विभाग आणि गाठ तपासणारा ओरल पॅथॉलॉजी विभाग एकाच छताखाली आहेत, आणि या प्रकरणात ते फार सोयीचं पडतं.

डेंटिजेरस सिस्ट स्वतः कॅन्सर नाही. तिच्या अस्तरातून अमेलोब्लास्टोमा नावाचा जबड्याचा ट्यूमर किंवा क्वचित कॅन्सर झाल्याची नोंद वैद्यकात आहे, पण ते दुर्मीळ आहे, आणि होतं ते वर्षानुवर्षं राहू दिलेल्या अस्तरात. सुरी लावल्याने नव्हे. अस्तर पूर्ण काढणं हाच तो धोका संपवण्याचा मार्ग आहे.

बायोप्सीचा, म्हणजे काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याचा, आग्रह का? एक्स-रेवर हुबेहूब डेंटिजेरससारख्या दिसणाऱ्या आणखी गोष्टी असतात. केराटोसिस्ट, एकाच पोकळीचा अमेलोब्लास्टोमा, आणि किशोरवयात वरच्या सुळ्याभोवती होणारा अ‍ॅडेनोमॅटॉइड ट्यूमर. केराटोसिस्ट हाडाच्या लांबीने आतल्या आत पसरते, बाहेर फारशी सूज देत नाही, आणि काढल्यावरही पुन्हा उगवण्याची तिची सवय कुप्रसिद्ध आहे. तिच्या रुग्णाला पुढची अनेक वर्षं एक्स-रे काढत राहावं लागतं. डेंटिजेरस पूर्ण निघाली तर सहसा परत येत नाही. चित्र एकच, पुढची वाट एकदम वेगळी, आणि ते फक्त सूक्ष्मदर्शकाखाली कळतं. डेंटिजेरसचं अस्तर दोन ते चार पेशींच्या थराचं, साधं असतं. केराटोसिस्टचं सहा-आठ पेशींचं, वर नागमोडी केराटिन असलेलं.

रिपोर्ट हातात पडल्यावर लोक गूगल करतात आणि ‘केराटोसिस्टिक ओडोंटोजेनिक ट्यूमर’ वाचून हादरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात २००५ साली केराटोसिस्टला ट्यूमरमध्ये घातलं होतं. २०१७ साली तिला परत सिस्टमध्ये आणलं. जुनी पानं इंटरनेटवर तशीच पडून आहेत.

काढलेली गाठ कशी पाठवली यावरही रिपोर्टचा दर्जा ठरतो. ती दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, गाठीच्या निदान दहापट द्रवात, शक्यतो दातासकट आणि मानेशी चिकटलेली असतानाच पाठवायची. दात उपटून वेगळा केला आणि अस्तराचे तुकडे सलाइनमध्ये टाकून दिले, तर पेशी सडतात आणि अस्तर दाताला नक्की कुठे चिकटलं होतं ते पॅथॉलॉजिस्टला कळत नाही. सोबत ओपीजीही द्यावा. ‘साधी सिस्ट होती, तपासायला पाठवली नाही’ असं कुणी सांगितलं तर ती बेफिकिरी आहे.

शस्त्रक्रियेत नेमकं होतं काय, याची भीती मुख्यतः अज्ञानाची असते. लहान गाठ जागेवर भूल देऊन काढतात. मोठीसाठी पूर्ण भूल. हिरडी कापून बाजूला केली जाते, पातळ झालेल्या हाडाला खिडकी पाडतात, आणि चमच्यासारख्या हत्याराने, त्याची खोलगट बाजू हाडाकडे ठेवून, अस्तर हळूहळू सोलून काढतात. हत्यार उलटं धरलं की अस्तर फाटतं आणि तुकडे मागे राहतात. खालच्या जबड्यात गाठीच्या तळाशी ओठाला संवेदना देणारी नस उघडी पडलेली असू शकते. तिथे घाई केली तर ओठ बधिर होतो, बहुतेकदा काही आठवडे ते काही महिने. पोकळी सलाइनने धुऊन टाके घालतात, ते साधारण सातव्या दिवशी निघतात. जबडा पातळ झालेला असेल तर चार ते सहा आठवडे वरण-भात, खिचडी, मऊ पदार्थच खायचे. चकली, चणे, ऊस बंद. वरच्या जबड्यात सायनस उघडला गेला असेल तर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही आणि शिंक तोंड उघडं ठेवून द्यायची. पोकळी नव्या हाडाने भरायला गाठीच्या आकारानुसार सहा महिन्यांपासून वर्ष-दोन वर्षं लागतात. तोवरच्या एक्स-रेवर काळं दिसलं म्हणजे गाठ परत आली असं नाही.

‘मग विशीतच चारही काढून टाका’

अडकलेल्या बहुतेक अक्कलदाढांना आयुष्यभर सिस्ट होत नाही. ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने २००० सालीच सांगितलं की, कोणताही आजार नसलेली अडकलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. कारण काढण्यालाही किंमत आहे: सूज, टाके, आणि थोड्या लोकांना ओठाचा किंवा जिभेचा बधिरपणा, तोही क्वचित कायमचा.

याचा अर्थ विसरून जा असा मात्र नाही. दाढेवरची हिरडी वारंवार सुजते, पुढची दाढ तिच्यामुळे किडते, पिशवीची फट रुंदावते, तर काढावी. आणि काढायचीच असेल तर पंचविशीच्या आत सोपं जातं, कारण तोवर मुळं पूर्ण लांबलेली नसतात आणि हाड लवचीक असतं. यातलं काही नसेल, तर एक ओपीजी आणि नंतर डॉक्टर सांगतील त्या अंतराने तपासणी. चारही दाढांना एकच न्याय लावायचा नसतो.

‘दुधाचे दात पडणारच’

दुधाच्या दाढेच्या मुळांच्या कुशीत कायमची उपदाढ तयार होत असते. दुधाची दाढ किडली, नस मेली, पू मुळातून खाली उतरला, की तो थेट त्या तयार होणाऱ्या उपदाढेच्या पिशवीला भिडतो. पिशवी चिडते, द्रव साठतो आणि मिश्र दातांच्या वयात, म्हणजे सहा ते बारा-तेरा वर्षांच्या मुलात, डेंटिजेरस सिस्ट होते. हा तिचा जंतुसंसर्गातून होणारा प्रकार. किडीचा आणि या सिस्टचा खरा संबंध आहे तो इथे, आणि नेमका इथेच मेसेज ‘चिंता नको’ म्हणतो.

म्हणून दुधाच्या किडलेल्या दाढेवर फोड आला, तो फुटून पू आला आणि ‘आता बरं वाटतंय’ असं झालं, तरी तिचा एक्स-रे काढावा. नस काढून भरलेल्या दुधाच्या दाढेचीही अधूनमधून तपासणी व्हावी. वरच्या सुळ्यासाठी नऊ-दहाव्या वर्षी एक साधी चाचणी आहे: दंतवैद्य दुधाच्या सुळ्याच्या वर, ओठाच्या आतल्या बाजूने बोट फिरवून कायमच्या सुळ्याचा उंचवटा लागतो का ते पाहतात. एका बाजूला लागतो आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर तो सुळा वाट चुकला असण्याची शक्यता असते.

बाळाच्या हिरडीवर दात येताना दिसणारा निळसर-जांभळा मऊ फुगवटा हीसुद्धा याच जातीची, पण निरुपद्रवी गोष्ट आहे. दात हाडातून बाहेर आलेला असतो आणि फक्त हिरडीखाली द्रव साठतो. तो दातासोबत आपसूक फुटतो. टाचणीने टोचू नका.

मुलांच्या गाठीत अडकलेला दात काढावाच लागतो, ही समजूत मेसेजात नाही पण पालकांमध्ये सर्रास आहे. मूल लहान असेल, दाताचं मूळ अजून पुरं झालेलं नसेल आणि त्याला यायला जागा असेल, तर गाठ सोलून काढण्याऐवजी तिला तोंडात उघडतात. खराब दुधाची दाढ काढतात, तिच्या जागेतून गाठीत साधारण सेंटिमीटरभराची वाट करतात, अस्तराचा छोटा तुकडा बायोप्सीला पाठवतात आणि वाट बुजू नये म्हणून नळी किंवा अ‍ॅक्रिलिकचा बूच बसवतात. दाब सुटला की अस्तर आकसतं, हाड भरू लागतं आणि दात आपल्या बळावर वर सरकतो.

पुढचं सगळं घरच्यांच्या हातात असतं. रोज दोन-तीनदा, विशेषतः जेवणानंतर, बोथट टोकाच्या सिरिंजने वीस मिलिलिटर सलाइन त्या वाटेतून सोडून पोकळी धुवायची. पहिले काही दिवस आत गेलेले भाताचे कण बाहेर येताना दिसतात. ते आत राहिले तर दोन दिवसांत वास सुटतो. पोकळी उथळ होत जाते तसा बूच दर काही आठवड्यांनी घासून आखूड करावा लागतो, नाहीतर तोच वर येणाऱ्या दाताला टेकतो. सर्वांत जास्त फसतं ते बूच हरवल्यावर. सुट्टीत मूल गावी जातं, बूच पडतो, ‘मुंबईला गेल्यावर बघू’ म्हणतात, आणि तेवढ्या काळात त्या वाटेचं तोंड आकसून बंद होतं, गाठ पुन्हा भरू लागते. बूच पडला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि नवा बसेपर्यंत धुणं थांबवू नका.

तीनेक महिन्यांनी एक्स-रे काढतात. दात हलला असेल तर वाट पाहतात. हलला नसेल तर ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वेडेवाकडे दात जागेवर आणणारे डॉक्टर, त्यावर बटण चिकटवून बारीक साखळीने त्याला ओढून घेतात. मूळ पुरं झालेला, आडवा वळलेला किंवा फार खोल गेलेला दात असेल तर मात्र तो गाठीसकट काढणंच बरं. उगाच वर्षभर मुलाला सिरिंज लावत बसण्यात अर्थ नसतो. दात आला तरी गाठ भरली की नाही हे पाहायला सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक्स-रे लागतो, आणि सुरुवातीला पाठवलेल्या तुकड्याचा रिपोर्ट त्या फाइलीत आहे ना, हे पालकांनी स्वतः उघडून बघावं.